नाशिकचे देव आणि एक दार

रामकुंडावर येणारा परका मनुष्य बहुधा विचारतो : एवढे देव कशाला? उत्तर पंडितांपेक्षां तेथील देवळेंच बरें देतात. जवळच्या कपालेश्वरापुढें नंदी नाहीं. ब्रह्मदेवाचें शिर तोडल्याचें पातक येथील स्नानानें फिटतें, हें शंकराला नंदीकडून कळलें. म्हणून शंकरानें त्याला गुरु मानून समोर बसूं दिलें नाहीं, अशी कथा आहे. देवानेंहि शिष्य व्हावें, ही कल्पना लहान नव्हे! पैलतीरीं सुंदरनारायण; वैकुंठ चतुर्दशीला या हरिहरांची भेट होते. त्र्यंबकेश्वरीं तर शाळुंकेच्या खळग्यांत अंगठ्याएवढीं तीन लिंगें आहेत. तींच ब्रह्मा, विष्णु, महेश. हा गोतावळा भाविकाला घरच्या वडीलधाऱ्यांसारखा वाटतो, त्याची संख्या तो मोजीत नाहीं.

अवघड प्रश्न संख्येचा नव्हताच. कपालेश्वरापासून थोड्याच अंतरावर, पंचवटींतील काळाराम मंदिरांत, अस्पृश्य मानलेल्या भाविकांना प्रवेश नव्हता. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांनीं तेथें सत्याग्रह आरंभिला. दादासाहेब गायकवाड अग्रभागीं होते. लढा कांहीं वर्षें चालला, दार उघडलें नाहीं. १९३५ च्या ऑक्टोबरांत याच जिल्ह्यांतील येवल्यास आंबेडकरांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें.