ज्वाळा बसल्या की मग सँडविच

शेकोटीवर भाजलेल्या सँडविचला ऑस्ट्रेलियात जॅफल म्हणतात. लांब दांड्यांचा, दोन खोलगट पाळ्यांचा लोखंडी साचा. बाहेरून लोणी लावलेल्या पावाच्या दोन स्लाइस, मधे चीज किंवा डब्यातले बीन्स, आणि साचा मिटला की कडा दाबून बंद. १९४९ साली सिडनीच्या बाँडाय भागात त्याचं पेटंट घेतलं गेलं, असं तिथे अभिमानाने सांगतात. अमेरिकेत मात्र असे साचे त्याआधीही होते. मुंबईचा सँडविचवाला असाच हातातला टोस्टर शेगडीवर धरतो, त्यामुळे आपल्यालाही तो ओळखीचा. तरी शेकोटीवरचं सँडविच अनेकदा बाहेरून करपलेलं आणि आतून गार निघतं. त्याचं खापर साच्यावर फुटतं. खरा दोष ज्वाळेवर भाजण्याच्या घाईचा आहे.

पावात हवेच्या पोकळ्या असतात आणि हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते. सारण ओलं, म्हणून त्यातलं पाणी आटेपर्यंत ते १०० अंशांच्या फारसं वर जात नाही. पावाचा बाहेरचा थर मात्र सुकला की झपाट्याने तापतो आणि साधारण १४० अंशांपासून तांबूस, खमंग होऊ लागतो. लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केलेली ही क्रिया आणखी तापवत नेली की कोळशावर जाऊन थांबते. तेव्हा सगळी कसोटी वेळ जुळवण्याची: बाहेर रंग चढेपर्यंत आत ऊब पोहोचली पाहिजे. ज्वाळा हे जुळू देत नाही. वारा आला की ती झुकते, साच्याची एकच बाजू चाटते, वर काजळी धरते. निखाऱ्यांची धग पसरलेली आणि बरीच स्थिर असते; साचा वर-खाली करून ती हवी तेवढी घेता येते. मिटलेल्या साच्यात सारणाची वाफही कोंडून राहते आणि आतला भाग गरम करायला मदत करते. उघड्या जाळीवर हा फायदा नाही.

यावर कोणी म्हणेल, लालबुंद निखारासुद्धा शेकडो अंश तापलेला असतो, मग फरक काय पडला? फरक ताब्याचा आहे, आणि तो ताबाही साचा निखाऱ्यांच्या वर धरला तरच मिळतो. आत खुपसून ठेवला तर करपणारच. गिर्यारोहक बिडाच्या साच्याच्या वजनाला वैतागतात, तेही रास्त. ॲल्युमिनियम हलकं आहे, उष्णताही बिडापेक्षा कितीतरी लवकर पसरवतं, पण ६६० अंशांना वितळतं, म्हणून निखाऱ्यांत विसरून चालत नाही. बीड सावकाश तापतं, धगीतले चढउतार पोटात घालतं; नवशिक्याने तेच घ्यावं. उरला भुकेचा आक्षेप: निखारे पडेपर्यंत थांबायचं कोणी? त्यावर लाकडाची निवड हाच उपाय. बाभळीसारखं कठीण, वाळलेलं लाकूड बोटाएवढं बारीक फोडून जाळलं की निखारे लवकर होतात. ओला ओंडका तासभर नुसता धुमसतो. आणि ऑस्ट्रेलियात वणव्याच्या भीतीने आगबंदी जाहीर होते त्या दिवशी हाच साचा घरच्या गॅसवर, मंद आचेवर ठेवावा. धुराचा वास तेवढा मिळणार नाही.