हृदयाकृती पानाची प्रत्येक वेल गुळवेल नव्हे

करोनाच्या साथीनंतर गुळवेलीला फार मागणी आली. निंबावर चढलेली वेल दिसली की तिचे कांडे तोडायचे, ठेचायचे आणि काढा करायचा, हे यवतमाळ शहरापासून लोहाऱ्यापर्यंत घरोघर सुरू झाले. गुळवेल गुणी वनस्पती आहे, याबद्दल वाद नाही. पण पान हृदयाच्या आकाराचे आहे एवढ्यावरून वेल ओळखणे धोक्याचे आहे. पहाडवेल, नागवेल आणि अंगणातील शोभेच्या कित्येक वेलींची पानेही तशीच असतात. २०२२ साली केंद्राच्या आयुष मंत्रालयालाही खुलासा करावा लागला, की गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वनस्पती अपायकारक ठरू शकतात.

या सर्वांत ज्या वनस्पतींपासून अधिक जपले पाहिजे, त्यांच्या प्रजातीला वनस्पतिशास्त्रात ॲरिस्टोलोकिया म्हणतात. जगात तिच्या सुमारे पाचशे जाती आहेत. मिरी आणि नागवेल ही तिची दूरची नातलग. आपल्याकडे तिच्या दोन जाती मुख्यतः माहीत आहेत. पहिली सापसन, हिलाच सापसंद किंवा ईश्वरी म्हणतात. दुसरी किडामारी, जी काळ्या कपाशीच्या जमिनीत आणि धुऱ्यावर पसरलेली आढळते. तिसरी बाहेरून आलेली, दक्षिण अमेरिकेतील शोभेची वेल. तिच्या फुलाच्या आकारावरून हौशी मंडळी तिला बदकवेल म्हणतात.

ओळखायचे कसे? पानावर भिसारू नका, फूल आणि फळ पाहा. या प्रजातीच्या फुलाला आपल्या ओळखीच्या पाकळ्या नसतातच. बुडाशी फुगीर, मध्ये अरुंद नळी आणि वर एका बाजूला ओठासारखा पसरट भाग, असे ते दिसते. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. वासाने आलेल्या बारीक माश्या आत शिरतात, पण केसांमुळे त्यांना बाहेर पडता येत नाही. परागीकरण झाले की केस सुकतात, आणि परागकण अंगावर घेतलेली माशी सुटून दुसऱ्या फुलाकडे जाते. फळ तर एकदा पाहिले की विसरणार नाही. वाळल्यावर ते देठाकडून सहा भागांत उकलते, देठाचेही धागे होतात, आणि उलट्या छत्रीसारखे, किंवा आपल्या जुन्या घरातल्या शिंक्यासारखे, वेलीवर लोंबत राहते.

किडामारी जमिनीवरच पसरते. तिचे पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, खालून फिकट, फूल गर्द जांभळे आणि फुलाच्या देठाशी एक छोटे पानासारखे छद. सापसन आधाराने चढते. तिचे पान मात्र फसवे आहे, एकाच जातीत कधी अरुंद लांबट तर कधी रुंद. बदकवेलीचे पान रुंद, गोलसर हृदयाकृती. कुंपणावर चढलेली, फुले नसलेली बदकवेल अनोळखी माणसाला गुळवेल वाटू शकते.

खरी गुळवेल अशी: खोड मांसल, वरची साल कागदासारखी सुटणारी आणि तिच्यावर बारीक पुटकुळ्या. कांडे आडवे कापले तर गाडीच्या चाकातील आऱ्यांसारखी रचना दिसते. वेलीवरून दोऱ्यासारखी हवाई मुळे खाली लोंबतात. फुले बारीक, पिवळसर, घोसात येतात आणि फळे वाटाण्याएवढी, पिकल्यावर लाल होतात. यातील तीन-चार खुणा एकदम जुळल्या तरच खात्री मानावी.

एवढी काळजी का, हे बेल्जियममधील प्रकरणावरून कळेल. ब्रुसेल्समधील एका दवाखान्यात वजन कमी करण्यासाठी स्त्रियांना १९९० पासून चिनी वनौषधींच्या गोळ्या दिल्या जात. त्यांत स्टेफानिया ही वनस्पती असायला हवी होती, आणि ती गुळवेलीच्याच कुलातली. चिनी भाषेत तिचे नाव ‘हान फांग जी’. त्याऐवजी ‘ग्वांग फांग जी’ या सारख्या नावाची ॲरिस्टोलोकियाची जात आली. शंभरहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९९३ साली डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केले. ज्यांची मूत्रपिंडे आधीच निकामी झाली होती अशा ३९ रुग्णांची ती काढून तपासली, तेव्हा १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला, हे २००० साली जाहीर झाले. औषध थांबवल्यावर काही वर्षांनी ही गाठ पडली होती.

दोष ॲरिस्टोलोकिक आम्लाचा. मूत्रपिंडातील पेशींच्या जनुकद्रव्याला ते चिकटून बसते. काढा उकळला म्हणून ते नाहीसे होत नाही. सुरुवातीला दुखत नाही, ताप येत नाही, फक्त थकवा व रक्तक्षय दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ सालीच या वनस्पतींची औषधे माणसात कर्करोग करणारी ठरवली. बाल्कन देशांत डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांत हाच आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. गव्हाच्या शेतातील ॲरिस्टोलोकियाचे बी धान्याबरोबर दळले जाई. सुपात पाखडून, निवडून धान्य घ्यायची आपली जुनी रीत किती मोलाची आहे!

सापसन व किडामारी या दोन्हींत हे आम्ल आहे. तेव्हा जंतांवर मुलांना किडामारीचा रस, बाळंतिणीला मुळी किंवा पाळी येण्यासाठी काढा, हे घरगुती उपाय आता पूर्ण बंद केले पाहिजेत. ‘ॲरिस्टोलोकिया’ या ग्रीक नावाचाच अर्थ बाळंतपणाला उत्तम असा आहे. फुलाचा आकार गर्भाशयासारखा, म्हणून ही समजूत झाली असे मानतात. जंतांसाठी अंगणवाडीत व शाळेत जंतनाशक गोळी मोफत मिळते, तीच पुरे.

सापसन या नावावरून ती सर्पदंशावर चालते, अशीही समजूत आहे. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावल्यावर मुळी शोधण्यात गेलेला अर्धा तास जिवावर बेततो. रुग्णाला हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालयात अथवा यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे, विषावरील लस तिथे असते. आणखी एक घोटाळा नावाचा होतो. सर्पगंधा वेगळी आणि सापसन वेगळी. सर्पगंधा हे झुडूप असून रक्तदाबाच्या औषधासाठी प्रसिद्ध आहे.

काही दिवस असा काढा घेतला असेल तर लपवू नये. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. डॉक्टरांकडे जाताना वेलीची फांदी, शक्यतो फुला-फळासकट, बरोबर न्यावी. वर्तमानपत्रात गुंडाळली तरी चालते.

वाचकहो, हे वाचून वेल उपटायला मात्र धावू नका. काळ्या पंखांचे, लाल अंगाचे क्रिमझन रोझ नावाचे फुलपाखरू याच वेलींवर अंडी घालते. अळ्या पाने खातात, आम्ल अंगात साठवतात, आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत.