न्यांगे गावातले दोन निर्णय

सावरताना : भाग ६

पश्चिम रवांडाच्या डोंगरात न्यांगे नावाचं गाव आहे. एप्रिल १९९४ मध्ये तिथल्या चर्चमध्ये तुत्सी जमातीची सुमारे दीड हजार माणसं जीव मुठीत धरून बसली होती. देवाच्या दारात तरी कुणी हात उचलणार नाही, असा त्यांचा भरवसा. १६ एप्रिलला बुलडोझर आला. इमारत खरंच पाडायची का, असं चालकाने विचारलं आणि तिथले पाद्री अथानास सेरोम्बा यांनी होकार दिला. भिंती आणि छप्पर आतल्या माणसांवर कोसळलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने २००८ मध्ये सेरोम्बा यांना जन्मठेप सुनावली.

त्याच न्यांगेत तीन वर्षांनी दुसरा निर्णय झाला. १८ मार्च १९९७ च्या रात्री शाळेतली मुलं अभ्यासाला बसली असताना बंदूकधारी वर्गात शिरले. हुतूंनी एका बाजूला व्हावं, तुत्सींनी दुसऱ्या, असा हुकूम सुटला. मुलं जागची हलली नाहीत. आम्ही सगळे रवांडाचेच, एवढंच उत्तर मिळालं. हुतू मुलं बाजूला झाली असती तर वाचली असती, आणि हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. गोळीबारात सहा विद्यार्थी गेले, कित्येक जखमी झाले. रवांडाच्या राष्ट्रीय वीरांमध्ये आता या शाळेच्या विद्यार्थ्यांची गणना होते.

रवांडा हा पुणे आणि सातारा हे जिल्हे एकत्र केले तर होईल तेवढा देश. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान किगालीवर पाडलं गेलं आणि पुढच्या सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसं मारली गेली. त्यात बहुसंख्य तुत्सी होते, आणि मारण्यात सामील व्हायला नकार देणारे हुतूही. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर जमात छापायला सुरुवात केली होती. रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र बघून माणूस जगणार की मरणार हे ठरत होतं. मारेकरी परके नव्हते. कुणी शेजारी होता, कुणी मास्तर, कुणी घरचा जावई.

जुलैमध्ये पॉल कागामे यांच्या बंडखोर सैन्याने किगाली घेतली तेव्हा नव्या सरकारपुढे पहिला प्रश्न होता तो या शेजाऱ्याचं करायचं काय, हा. काही वर्षांत तुरुंगात सव्वा लाखाच्या आसपास माणसं कोंबली गेली. ४०० कैद्यांसाठी बांधलेल्या गितारामा तुरुंगात सुमारे ७ हजार जण होते. बसायला जागा नाही, म्हणून लोक चिखलात दिवसदिवस उभे. न्यायाधीश आणि वकील बहुतेक मेले होते किंवा पळून गेले होते. नेहमीच्या पद्धतीने खटले चालवले तर शंभर वर्षं पुरणार नाहीत, असा हिशेब निघाला.

मग एक जुनी चाल काढली गेली. गावात बांध सरकला, गुरं पिकात शिरली की वडीलधारे गवतावर बसून निवाडा करत. या बैठकीला म्हणत गचाचा. गचाचा म्हणजे गवतच. आपल्याकडच्या पारावरच्या गावकीची आठवण व्हावी अशी ही पद्धत. फरक इतकाच, की २००१ च्या कायद्याने तिच्या हाती थेट खुनाचे खटले दिले. पंच निवडले ते मतदानाने. त्यांना पगार नव्हता, कायद्याचं शिक्षण जुजबी. अशी १२ हजारांवर न्यायालयं देशभर बसली.

काम सुरू झालं ते याद्यांपासून. ६ एप्रिल १९९४ ला या वाडीत कुठल्या घरात कोण राहत होतं? त्यातलं कोण उरलं? कुणाचे पत्रे गेले, कुणाचं दार, कुणाची गाय? आठवड्यातून एकदा दुकानं बंद करून लोक जमायचे आणि एकेक घर पुन्हा उच्चारलं जायचं. गुलाबी कपड्यातला कैदी उभा राहून सांगायचा, प्रेत कुठे पुरलं. कबुली दिली तर शिक्षा कमी, बरीचशी सार्वजनिक कामाच्या रूपात. कित्येक घरांना आपल्या माणसाची हाडं अशीच सापडली.

जून २०१२ मध्ये गचाचा बंद झाली तोवर साडेएकोणीस लाखांच्या आसपास खटले निकाली निघाले होते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश लुटीचे. याच कामासाठी अरुशा इथे बसलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने दोन दशकांत जेमतेम ९३ जणांवर आरोप ठेवले. मात्र त्यांत कटाचे सूत्रधार होते, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

गवतावरचा न्याय निर्मळ मात्र नव्हता. जुनं वैर काढायला खोटे आरोप झाले, काही पंच लाच घेताना सापडले, काही पंच स्वतःच आरोपी निघाले. साक्षीदारांचे खून पडले. आणि एक दार मुद्दाम बंद ठेवलं गेलं. कागामे यांच्या सैनिकांनी १९९४ मध्ये ज्यांना मारलं, त्यांच्या नातेवाइकांना गचाचात जागा नव्हती.

न्यायाच्या जोडीने रोजच्या जगण्याचेही निर्णय झाले. शेतं होती, पण ती कसणाऱ्या विधवांच्या नावावर जमीन येत नव्हती. १९९९ च्या कायद्याने मुलींना वारशात बरोबरीचा हक्क दिला. २००३ च्या घटनेने निर्णयाच्या जागांवर किमान ३० टक्के स्त्रिया आणल्या आणि २००८ मध्ये रवांडाची संसद स्त्रियांचं बहुमत असलेली जगातली पहिली संसद ठरली. ओळखपत्रावरची जमात पुसली गेली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सगळा देश उमुगांडासाठी, म्हणजे आपल्या श्रमदानासाठी, रस्त्यावर उतरतो.

२००६ ची गिरिंका योजना तर मराठी शेतकऱ्याला लगेच उमजेल. गिरिंका हा तिथला आशीर्वाद आहे, तुझ्या दारी गाय असो. गरीब घराला सरकार गाय देतं, अट एकच, तिला होणारी पहिली कालवड शेजाऱ्याला द्यायची. रवांडात गाय दिली-घेतली की दोन घरांत नातं जुळतं, मग वैर धरता येत नाही. काही गावांत अशी कालवड मारेकऱ्याच्या गोठ्यातून वाचलेल्याच्या गोठ्यात गेली आहे. जुलै २०१८ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी रवेरू गावात याच योजनेसाठी २०० गाई दिल्या.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे. ‘वंशसंहाराची विचारसरणी’ पसरवण्याविरुद्धचा २००८ चा कायदा इतका सैल शब्दांत होता की विरोधकांवरही तो वापरता आला. व्हिक्ट्वार इंगाबिरे जानेवारी २०१० मध्ये परदेशातून परतल्या आणि किगालीच्या स्मारकापुढे म्हणाल्या, की मारल्या गेलेल्या हुतूंचीही आठवण व्हायला हवी. त्यांना पुढे १५ वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये माफी मिळून त्या सुटल्या. २०१५ च्या सार्वमताने कागामे यांना २०३४ पर्यंत सत्तेवर राहण्याची वाट मोकळी केली. २०२४ च्या निवडणुकीत त्यांना ९९ टक्क्यांहून अधिक मतं पडली. जमात बोलायची नाही असा नियम असला, की राज्य कुणाच्या हाती एकवटलंय हेही मोजता येत नाही, असं टीकाकार म्हणतात. समर्थक उलट विचारतात, की १९९४ मध्ये हेच बोलणं रेडिओवरून चाललं होतं, विसरलात का? शेजारच्या पूर्व काँगोत रवांडाचं सैन्य एम-२३ बंडखोरांच्या पाठीशी असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी वारंवार नोंदवलं आहे. किगालीने ते नाकारलं आहे.

सध्या रवांडात एक वेगळीच वर्दळ सुरू आहे. वीस-तीस वर्षांची शिक्षा झालेले वंशसंहाराचे कैदी मुदत संपवून बाहेर पडताहेत. सत्तरीतला म्हातारा गाठोडं घेऊन त्याच टेकडीवर परततो. खालच्या घरात त्याने मारलेल्यांची मुलगी राहते, ती आता नातवंडांची आजी झाली आहे. महिनाअखेरच्या शनिवारी दोघांनाही कुदळ घेऊन एकाच रस्त्यावर यावं लागतं. काय बोलायचं, की नाहीच बोलायचं, याचा नियम कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही.

(पुढील भागात : दक्षिण आफ्रिकेचा सत्यशोधन आयोग आणि माफीची अट)