वेबपृष्ठातील संरचित माहिती : विकसकांच्या सहकार्यातून घडलेल्या संकेतांचा परिचय

गोषवारा : वेबपृष्ठावरील मजकूर वाचकाला कळतो, परंतु त्यातील नाव, तारीख वा पत्ता संगणकाला वेगळा ओळखता येत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी विकसकांनी एकत्र येऊन जे संकेत ठरविले, त्यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे. माणसासाठी लिहिलेला मजकूर आणि यंत्रासाठी दिलेली माहिती यांचे परस्परनाते हाच या प्रयत्नांतील कळीचा प्रश्न आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : संरचित माहिती, मायक्रोफॉरमॅट, एचटीएमएल, सुगम्यता, मानकीकरण

१. प्रस्तावना

एखाद्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ‘१ मे रोजी सायंकाळी साडेसहा वाजता सभागृहात व्याख्यान’ अशी सूचना असते. मराठी वाचकाला ती एका दृष्टिक्षेपात समजते. संगणकाच्या लेखी मात्र ती केवळ अक्षरांची एक ओळ असते. एचटीएमएल या भाषेत शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा यांसाठी खुणा होत्या. परंतु ‘ही कार्यक्रमाची वेळ’ किंवा ‘हे व्यक्तीचे आडनाव’ असे सांगणाऱ्या खुणा आरंभी नव्हत्या. त्यामुळे ही सूचना वाचून संगणकाने ती आपल्या दिनदर्शिकेत नोंदवावी, अशी अपेक्षा करता येत नसे.

२. पार्श्वभूमी

वेबवरील माहितीचा अर्थ यंत्रालाही कळावा, हा विचार नवा नाही. डब्ल्यूथ्रीसी या मानकसंस्थेने १९९९ मध्ये आरडीएफ ही माहिती मांडण्याची पद्धती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. मे २००१ मध्ये टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात ‘सिमँटिक वेब’ची कल्पना विस्ताराने मांडली. कल्पना भव्य होती. परंतु रोज पृष्ठे तयार करणाऱ्या सामान्य विकसकाला ती अवघड वाटे.

३. मायक्रोफॉरमॅटची चळवळ

या अडचणीवर काही विकसकांनी व्यवहार्य तोड काढली. नवी भाषा निर्माण न करता एचटीएमएलमध्ये आधीच उपलब्ध असलेल्या ‘क्लास’ आणि ‘रेल’ या गुणधर्मांचाच उपयोग करावा, असे त्यांनी ठरविले. टँटेक चेलिक, एरिक मेयर आणि मॅट मुलेनवेग यांनी २००३ मध्ये व्यक्तींमधील नाते दुव्यातच नोंदविणारा ‘एक्सएफएन’ हा संकेत मांडला. जून २००५ मध्ये मायक्रोफॉरमॅटचे स्वतंत्र व्यासपीठ सुरू झाले. व्यक्तीच्या परिचयासाठी ‘एचकार्ड’ आणि कार्यक्रमासाठी ‘एचकॅलेंडर’ हे त्यांतील प्रमुख संकेत होत. त्यांतील गुणधर्मांची नावे नव्याने न रचता ती अनुक्रमे ‘व्हीकार्ड’ आणि ‘आयकॅलेंडर’ या प्रचलित मानकांतून घेण्यात आली.

येथील कार्यपद्धती विशेष उल्लेखनीय आहे. आधी एका विशिष्ट समस्येची निश्चिती करावयाची. ती माहिती लोक आपल्या पृष्ठांवर प्रत्यक्षात कशी लिहितात याची उदाहरणे जमवावयाची. पूर्वीची मानके तपासावयाची. खुली चर्चा करावयाची आणि मगच मसुदा तयार करावयाचा, असा हा क्रम होता. ‘प्रथम माणूस, नंतर यंत्र’ हे त्यामागील तत्त्व होते. म्हणजेच वाचकाला दिसणाऱ्या मजकुरावरच खूण करावी. यंत्रासाठी वेगळी, अदृश्य प्रत ठेवू नये.

मराठी नावाच्या संदर्भात या पद्धतीचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल. एचकार्डमध्ये नाव दोनच शब्दांचे असल्यास पहिला शब्द स्वतःचे नाव व दुसरा आडनाव असे गृहीत धरता येते. परंतु स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशा तीन शब्दांच्या नावाला ही सवलत लागू होत नाही. तेथे प्रत्येक भागावर स्वतंत्र खूण करावी लागते आणि मधल्या नावासाठी ‘अतिरिक्त नाव’ हा गुणधर्म वापरावा लागतो.

४. एका तत्त्वाची कसोटी

तारखेच्या बाबतीत या तत्त्वाची कसोटी लागली. यंत्राला तारीख ठरावीक अंकक्रमात हवी असते, तर माणूस ती शब्दांत लिहितो. उपाय म्हणून संक्षेपासाठी असलेल्या ‘अ‍ॅबर’ या खुणेच्या शीर्षक गुणधर्मात यंत्राची तारीख लिहिण्याची पद्धत रूढ झाली. परंतु अंध व्यक्ती ज्या वाचक-आज्ञावलीच्या, म्हणजे स्क्रीन रीडरच्या, साहाय्याने वेब वापरतात, ती विशिष्ट मांडणीत हे शीर्षक मोठ्याने वाचते. त्यामुळे ‘साडेसहा’ ऐवजी वर्ष, महिना, तास यांच्या अंकांची अर्थहीन मालिका ऐकू येण्याचा धोका निर्माण झाला. जेम्स क्रेग आणि ब्रूस लॉसन यांनी २००७ मध्ये या दोषाकडे लक्ष वेधले. जून २००८ मध्ये बीबीसीने आपल्या कार्यक्रमविषयक पृष्ठांवरून याच कारणास्तव एचकॅलेंडर काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला.

माणसाला अग्रक्रम देणाऱ्या संकेतात काही माणसे दुर्लक्षित राहिली होती, हे यातून सिद्ध झाले. मात्र खुल्या चर्चेमुळे दुरुस्तीही शक्य झाली. २००९ मध्ये तारीख व वेळ निरनिराळ्या खुणांत देण्याची पर्यायी पद्धत स्वीकारण्यात आली. पुढे एचटीएमएल ५ मध्ये ‘टाइम’ ही स्वतंत्र खूणच उपलब्ध झाली. या खुणेत वाचकासाठी ‘१ मे, सायंकाळी साडेसहा’ असा देवनागरी मजकूर ठेवता येतो; यंत्रासाठीच्या गुणधर्मात मात्र आंतरराष्ट्रीय अंकच लिहावे लागतात, देवनागरी अंक ग्राह्य धरले जात नाहीत.

५. पुढील वाटचाल

दरम्यान अन्य पर्यायही पुढे आले. ‘आरडीएफए’ ही पद्धती ऑक्टोबर २००८ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची शिफारस झाली. इयान हिक्सन यांनी २००९ मध्ये ‘मायक्रोडेटा’ सुचविला. २ जून २०११ रोजी गूगल, बिंग आणि याहू या शोधयंत्रांनी ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामाईक शब्दसंग्रह जाहीर केला. त्याच वर्षी यांडेक्सही त्यात सहभागी झाले. जानेवारी २०१४ मध्ये ‘जेसन-एलडी’ ही शिफारस झाली. तिच्यामुळे संरचित माहिती मजकुरापासून वेगळ्या गठ्ठ्यात देता येते. विकसकाला ही पद्धत सोयीची आहे. परंतु पृष्ठावरील तारीख बदलली आणि गठ्ठ्यातील तशीच राहिली, तर वाचकाला एक आणि यंत्राला दुसरेच सांगितले जाते. म्हणूनच वाचकाला न दिसणारी माहिती संरचित स्वरूपात देऊ नये, असा नियम गूगलनेही घातलेला आहे.

६. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, संरचित माहितीचा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. कोणते शब्द वापरावयाचे याविषयी अनेकांचे एकमत होणे, हा त्याचा पाया आहे. ते एकमत घडविताना ज्यांचा आवाज चर्चेत पोहोचत नाही, त्यांचाही विचार होणे अगत्याचे आहे. मराठी संकेतस्थळे तयार करणाऱ्यांनी या खुणा अवश्य वापराव्यात. तथापि आपली नावे व आपली कालगणना यांची उदाहरणे अशा चर्चांत मांडणे, हेही तितकेच आवश्यक आहे. कारण हे संकेत प्रत्यक्ष उदाहरणांवरून ठरतात आणि जे उदाहरण कोणी मांडलेच नाही, त्याची सोय त्यांत आपोआप होत नाही.