कॉम्प्रेशन गेलं, रेशो जागेवरच आहे

इंजिन तेल खाऊ लागलं, घाटात गाडी ओढेनाशी झाली, की मेकॅनिक सांगतो, ‘कॉम्प्रेशन गेलंय.’ निदान बहुधा बरोबर असतं. पण मालकाला वाटतं, माहितीपत्रकात छापलेला कॉम्प्रेशन रेशोच घसरला. रेशो ही दोन आकारमानांची तुलना आहे: पिस्टन तळाला असताना सिलिंडरमधली जागा, आणि तो टॉपला आल्यावर उरलेली जागा. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, तर दाब गळतो. जागा तेवढीच राहते. उलट चेंबरमध्ये कार्बन साचला, तर उरलेली जागा कमी होऊन जुन्या इंजिनाचा रेशो किंचित वाढतोसुद्धा.

हिशोब करताना एक चूक फार जण करतात. मारुती 800चं उदाहरण घेऊ. बोअर 68.5 मिमी, स्ट्रोक 72 मिमी. सेंटीमीटरमध्ये 0.7854 × 6.85 × 6.85 × 7.2 म्हणजे 265.3 सीसी. तीन सिलिंडरचे मिळून 796 सीसी, आपल्या ओळखीचा आकडा. आता टॉपला 34.5 सीसी जागा उरते असं धरू. 265.3 ला 34.5 ने भागलं तर 7.7 येतात, आणि बरेच जण इथेच थांबतात. पिस्टन तळाला असताना वरची 34.5 सीसी जागा काही नाहीशी होत नाही, ती मिळवायलाच हवी. 299.8 भागिले 34.5, म्हणजे 8.7. ती विसरली की उत्तर नेमकं एकाने कमी येतं.

ही उरलेली जागा म्हणजे फक्त हेडमधला खड्डा, हाही गैरसमजच. हेड गॅस्केटची जाडी, पिस्टनच्या माथ्यावरचा खोलगटपणा, टॉपला पिस्टन ब्लॉकच्या कडेपासून किती खाली राहतो, हे सगळं त्यात येतं. म्हणून जाणकार कारागीर ब्युरेटने तेल सोडून ती जागा प्रत्यक्ष मोजतात. गॅस्केट अर्धा मिलिमीटर पातळ घातलं तर जवळपास 1.9 सीसी जागा जाते आणि 8.7 चा रेशो 9.1 होतो. हेड तेवढंच घासलं तर बहुधा थोडा कमी फरक पडतो, कारण चेंबरचं तोंड सहसा बोअरपेक्षा लहान असतं. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला, तर मात्र रेशो जेमतेम 8.8 च्या आसपास जातो. बोअरिंगची लोक जितकी भीती घेतात, तितकं तिथे काही घडत नाही.

रेशोला हवेच्या दाबाने, म्हणजे 14.7 पीएसआयने, गुणून कॉम्प्रेशन गेजवरचा आकडा मिळत नाही. 8.7 ला गुणाकार 128 येतो, आणि गेज तर बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेलाच दाब दाखवतो. तरी धडधाकट इंजिनात काटा सहज 150 पीएसआयच्या पुढे जातो, कारण दाबलेली हवा तापते आणि तापल्यामुळे दाब आणखी चढतो. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, त्याने उलट थोडा कमी होतो. म्हणून गेजवरून रेशो काढू नये. सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहायला गेज उत्तम.

रेशो वाढला की फायदा होतो, पण घटत्या दराने. आदर्श गणितात 8.7 ला कार्यक्षमता सुमारे 58 टक्के, 10 ला 60, 14 ला 65. प्रत्यक्षातलं इंजिन याच्या बरंच खाली असतं. आणि नॉकिंग आडवं येतं: ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण पेटतं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ही गोष्ट टाळण्याची क्षमता, त्यातली ऊर्जा नव्हे. कमी रेशोच्या, नॉक न करणाऱ्या जुन्या इंजिनात 100 ऑक्टेन पेट्रोल भरणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं.

राहिला डिझेलचा समज, की त्याचा रेशो पेट्रोलच्या दुप्पटच असतो. जुन्या डिझेल इंजिनांत 20 च्या वर आकडे असत, हे खरं. पण 2012 मध्ये युरोपात आलेल्या माझदा सीएक्स-5 मध्ये पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनांचा रेशो 14 होता. पेट्रोलच्या बाजूला लांब एक्झॉस्ट पाइप रचून सिलिंडरमधला गरम जळका वायू बाहेर ओढला, त्यामुळे 14 वरही नॉकिंग आवाक्यात राहिलं. डिझेलच्या बाजूला रेशो उतरवल्याने दाब कमी झाला आणि ब्लॉक ॲल्युमिनियमचा, हलका करता आला.