उंबरठ्यावरची अट

युरोपीय संघात यायचे तर त्या देशात लोकशाही हवी, हे आज आपण गृहीत धरतो. पण १९५७च्या रोम करारात तसे लिहिलेले नव्हते. कोणत्याही युरोपीय देशाला अर्ज करता येईल, एवढेच त्यात होते.

मग ही अट आली कुठून? फेब्रुवारी १९६२मध्ये जनरल फ्रँकोंच्या स्पेनने तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाचे दार ठोठावले. त्याच्या थोडेच आधी समुदायाच्या संसदीय सभेत जर्मन सदस्य विली बिर्केलबाख यांचा अहवाल आला होता. लोकशाही नसलेल्या देशाला सदस्यत्व देऊ नये, असे त्यात बजावले होते. स्पेन बाहेर राहिला. १९७५मध्ये फ्रँको गेले, १९७७मध्ये खुल्या निवडणुका झाल्या आणि १९८६मध्ये स्पेन आत आला. ग्रीसचेही तसेच. १९६७मध्ये तिथे लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा त्याच्याशी झालेला सहकार्य करार गोठवण्यात आला. १९७४मध्ये ती राजवट कोसळली आणि १९८१मध्ये ग्रीस सदस्य झाला.

पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी गेल्यावर ही अट स्पष्ट शब्दांत मांडली गेली, ती १९९३च्या कोपनहेगन बैठकीत. स्थिर लोकशाही संस्था, कायद्याचे राज्य, मानवी हक्क आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण, हे सारे आता लागणार होते. त्याची झळ स्लोव्हाकियाला लागली. पंतप्रधान मेचियार यांच्या कारभारामुळे १९९७मध्ये त्याला वाटाघाटींतून वगळले गेले. १९९८च्या निवडणुकीनंतर मेचियार यांची सत्ता गेली आणि २००४मध्ये तो देश आणखी नऊ देशांसह संघात आला.

म्हणजे दाराबाहेर ही अट चांगली चालते. अडचण येते ती आत आल्यावर. गरज सरो, वैद्य मरो! सदस्याने लोकशाही मोडली, तर कराराच्या सातव्या कलमाने त्याचा मताधिकार काढून घेता येतो. पण त्याआधी गंभीर उल्लंघन झाल्याचा ठराव बाकी सर्व देशांनी एकमताने करावा लागतो. एक मित्रदेश अडून बसला, तरी सारे थांबते. हंगेरीविरुद्ध २०१८मध्ये ही प्रक्रिया सुरू झाली, पण वर्षानुवर्षे रेंगाळली. हकालपट्टीची तर तरतूदच नाही. म्हणून २०२०मध्ये संघाने पैशाची नाडी हाती घेणारा नियम केला आणि डिसेंबर २०२२मध्ये हंगेरीचे सुमारे ६.३ अब्ज युरो रोखून धरले.

दार बंद ठेवणे संघाच्या हाती आहे. पैसेही रोखता येतात. पण स्लोव्हाकियात राज्यकर्ते बदलले ते मतपेटीने. आत आल्यावर लोकशाही राखण्याचे काम शेवटी त्या त्या देशातल्या मतदारांनाच करावे लागते.