माजी सैनिकाचे म्हातारपण : हक्काची मदत पदरात पाडून घ्या

खाटेखाली पत्र्याची काळी ट्रंक असते. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटण लिहिलेली. अक्षरे आता निम्मी उडालेली. आत डिस्चार्ज बुक, दोन-तीन पदके आणि परमपूज्य बाबासाहेबांची जुनी तसबीर. खाटेवर तो स्वतः. ज्याने सरहद्दीवर रात्ररात्र पहारा दिला, त्याला आज मोरीपर्यंत जायला सुनेचा खांदा लागतो. शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर, कुठल्याही तालुक्यातल्या आपल्या वस्तीला असे घर नवे नाही.

आपला आणि लष्कराचा संबंध जुना आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनाही पलटणीतून निवृत्त झाल्यावर संसारासाठी साताऱ्याकडे पुन्हा नोकरी धरावी लागली होती. 1892 च्या सुमारास इंग्रजांनी आपल्या लोकांची भरती बंद केली. ती उघडण्यासाठी किती अर्ज-विनंत्या झाल्या! अखेर बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर असताना, 1 ऑक्टोबर 1941 रोजी, कोल्हापूरशेजारच्या बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. भरतीचा हक्क भांडून मिळवणारा समाज म्हातारपणीच्या हक्काबाबत मात्र गप्प बसतो. “सरकारपुढे हात कशाला पसरायचा?” असे म्हातारा म्हणतो आणि आपण मान डोलावतो. हा स्वाभिमान नव्हे, ही माहितीची उणीव आहे.

अमेरिकेत युद्धकाळात सेवा केलेल्या गरजू माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला अंघोळ, कपडे, जेवण यासाठी दुसऱ्याचा हात लागत असेल, तर पेन्शनमध्ये वेगळी भर घालतात. ती रक्कम वृद्धनिवासाच्या खर्चालाही लावता येते. आपल्याकडे केवळ म्हातारपणामुळे परावलंबी झालेल्या सैनिकाला असा सरसकट भत्ता नाही. सेवेमुळे 100 टक्के अपंगत्व आले असेल आणि वैद्यकीय मंडळाने सतत सोबत्याची गरज मान्य केली असेल, तर मदतनीस भत्ता मिळतो. 2017 पासून तो महिना 6,750 रुपये झाला. कंबरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. पण पंच्याऐंशीव्या वर्षी पक्षाघात झालेल्या आपल्या आजोबांना यातले काही लागू होत नाही. मग काय लागू होते?

पहिली गोष्ट पेन्शनवाल्यांची. सहाव्या वेतन आयोगानंतर, 80 वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के वाढ मिळते. 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला दुप्पट. विधवेच्या कुटुंब पेन्शनलाही हेच लागू आहे. मूळ कुटुंब पेन्शन 15,000 असेल तर ऐंशीव्या वर्षापासून तिला 3,000 जास्त, वर त्याचा महागाई भत्ता वेगळा. ही वाढ आपोआप मिळायला हवी. पण पुष्कळ जुन्या पेन्शन आदेशांत नवऱ्याची जन्मतारीख असते, बायकोची नसते. तारीखच नाही, तर ती ऐंशीची झाली हे कळणार कसे? वयाचा सरकारी पुरावा जोडून ती नोंद करून घ्या, मागची थकबाकीही मागा. काही घरांत याहून मोठी अडचण निघते. लग्न विहारात, बौद्ध पद्धतीने झाले, पण जवानाने पलटणीला कळवलेच नाही. पत्नीचे नाव रेकॉर्डला नाही, किंवा आहे ते माहेरचे. तो हयात असताना ही दुरुस्ती सोपी असते. नंतर विधवेला सागरच्या रेकॉर्ड ऑफिसशी कागद पाठवत बसावे लागते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. इतर पलटणींचे रेकॉर्ड ऑफिस आपापले.

दुसरी गोष्ट पेन्शन नसलेल्यांची. जवानाला पेन्शनसाठी साधारण 15 वर्षांची नोकरी लागते. त्याआधी घरी आलेल्यांचा हात रिकामा. अशा हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, 65 वर्षांवरील निराधार माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा आर्थिक मदत मिळते. ती 4,000 रुपये होती. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना ती 8,000 करण्यात आली आहे, आणि ती तहहयात आहे. पैसा 7 डिसेंबरच्या ध्वजदिन निधीतून येतो, म्हणजे शाळेत आपली पोरे छातीला छोटा झेंडा लावून जो रुपया देतात, त्यातूनच. अर्ज कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. डिस्चार्ज बुक, माजी सैनिकाचे किंवा विधवेचे ओळखपत्र, वयाचा पुरावा आणि बँक पासबुक घेऊन जा. उत्पन्नाचे कागद कोणते, ते तिथेच विचारून घ्या.

आता खरे बोलायचे तर 8,000 म्हणजे दिवसाला 266 रुपये. एवढ्यात रात्रंदिवस सांभाळणारा माणूस शहरात मिळत नाही. पेन्शनवाल्यांसाठी 2003 पासून ईसीएचएस आहे, कोल्हापुरात तिचे पॉलिक्लिनिकही आहे. पण ती औषधपाण्याची योजना, घरी अंग पुसणाऱ्या बाईच्या पगाराची नव्हे. ते काम करते सून, नाहीतर लेक. इचलकरंजीच्या मागावरची किंवा उसाच्या शेतातली तिची रोजी बुडते आणि ती कुठल्याच अर्जात लिहिली जात नाही. विनयपिटकात कथा आहे. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून शय्येवर निजवले. तो कोणाच्या उपयोगाचा नाही म्हणून इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. ही कथा आपण विहारात बायकांना ऐकवतो. पुरुषांनी ऐकायची ती आधी. महिन्याला मदत आली, तर त्यातले पैसे त्या सुनेच्या हाती पडू देत, आठवड्यातून दोन दिवस बाई लावता आली तरी तिची पाठ मोकळी होईल.

राहिला हयातीचा दाखला. तो दरवर्षी द्यावा लागतो, चुकला तर पेन्शन अडकते. यासाठी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चौघांनी उचलून रिक्षात घालताना पाहिले आहे. 2020 च्या नोव्हेंबरपासून पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन थोडे शुल्क घेऊन घरी येतो आणि खाटेपाशीच डिजिटल दाखला करून देतो. राबून बोटांचे ठसे झिजले असतील, तर मोबाईलवर चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. आधार क्रमांक, पेन्शनचा कागद आणि मोबाईल तेवढा जवळ ठेवावा, आणि जवळच्या पोस्टात एक दिवस आधी सांगून यावे.